शेकडा सत्तराचे सोवळे

चिरूट ओढणे हे व्यसन आहे आणि ते घातक आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे; म्हणजे निम्मा लेख वाचून झाल्यावर ते आम्हांस सांगण्याची तसदी कोणा सद्गृहस्थास घ्यावी लागणार नाही. धूर छातीत न ओढता नुसता तोंडात घोळविला तरी मुखाचा व घशाचा कर्करोग त्याने होतो, हे वैद्यकाने निःसंशय ठरविले आहे; आणि ज्या घरी चिरूट नाही त्या घराने तो आणू नये असेच आमचे मत आहे. परंतु ज्या घरी तो आहेच, कोणाच्या आवडीने, कोणाच्या आठवणीने किंवा परदेशाहून आलेल्या भेटीच्या रूपाने, त्या घरी तो कसा ठेवावा याविषयी एक पोथी अलीकडे सुशिक्षित मंडळींत प्रमाण होऊन बसली आहे. आमचे भांडण त्या पोथीशी आहे.

पोथी मोठी नाही. सुगंधी लाकडाचे अस्तर लावलेली पेटी घ्यावी. तिच्या झाकणात स्पंजाची डबी बसवावी. ती ऊर्ध्वपातित पाण्याने भिजवावी. आणि पेटीतील आर्द्रतामापकाचा काटा शेकडा ७० वर राहील असे पाहावे. काटा खाली आला की पुन्हा पाणी घालावे. ही आज्ञा विक्रेत्यांच्या पत्रकांत आहे, इंग्रजी पुस्तकांत आहे, आणि ती पुस्तके वाचलेल्यांच्या तोंडी तर अहोरात्र आहे. ६९ दिसले तरी विटाळ झाला असे वाटून माणसे पाण्याची कुपी शोधू लागतात. हे ७० कोठून आले, कोणत्या घरासाठी आले आणि आपल्या घरास ते लागू आहे काय, असा प्रश्न कोणी विचारलेला आमच्या ऐकण्यात नाही. आम्ही स्वतःही तो विचारला नाही, आणि त्याचे फळ भोगले.

आमचे मामा व्यापारी जहाजावर अभियंता होते. हवाना बंदरात घेतलेली पंचवीस चिरुटांची एक पेटी त्यांनी घरी आणली होती, आणि ती फोडण्यापूर्वीच ते वारले. मामींनी ती आमच्या स्वाधीन केली. मामांचे चार जहाजी मित्र त्यांच्या जन्मदिवशी, पौषात, दरवर्षी आमच्याकडे जमत. त्या दिवशी प्रत्येकाने एक चिरूट ओढावा, असे ठरले. चौघांचे चार, म्हणजे पेटी सहा वर्षे पुरावयाची. पहिल्या वर्षी चार चिरूट गेले, एकवीस उरले. ते नीट राहावेत म्हणून आम्ही मुंबईच्या एका दुकानातून अक्रोडाच्या लाकडाची मोठी देखणी पेटी आणली. दुकानदाराने पोथी म्हणून दाखविली, स्पंज भिजवून दाखविला, पितळी काट्यावर बोट ठेवून "हा सत्तरावर राहिला म्हणजे निश्चिंत असा," म्हणून सांगितले. आम्ही निश्चिंत राहिलो. आषाढ गेला, श्रावण गेला, काटा सत्तरावर होता. भाद्रपदात पेटी उघडली तेव्हा स्पंजाच्या खालची चिरुटांची रांग पांढऱ्या लवेने मढलेली होती, वरची पाने फुगून शिवणीशी उकललेली होती, आणि कोपऱ्यातील दोन चिरुटांस टाचणीच्या डोक्याएवढी भोके पडून खाली बारीक भुकटी सांडलेली होती. दहा टाकून द्यावे लागले.

मामी ते पाहावयास आल्या. त्यांनी झाकणातील स्पंज बोटाने दाबून पाहिला. तो ओलाचिंब होता. "अरे, आषाढात पापडांच्या डब्यात कोणी ओलं फडकं ठेवतं का?" एवढेच त्या म्हणाल्या. आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे जे काही वाचले व करून पाहिले त्यात त्या एका प्रश्नाचेच उत्तर आम्ही शोधीत होतो, आणि मामींचे म्हणणे सर्वांशी खरे ठरले.

हवेतील दमटपणाचे मान आपण शेकड्याने सांगतो, तेव्हा हवेत पाणी किती आहे हे आपण सांगत नसतो. त्या उष्णमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते तिच्या किती हिश्शाने ती भरली आहे, एवढेच सांगत असतो. ऊन हवा पुष्कळ वाफ धरते, थंड हवा थोडी. आता लंडनचा पौष-माघ घ्या. बाहेर ५ अंश सेल्सिअस, हवा शेकडा ९० भरलेली; म्हणजे घनमीटरामागे सुमारे ६ ग्रॅम पाणी. तीच हवा घरात येऊन शेगडीने किंवा नळ्यांनी तापवून २० अंशांवर नेली की तिची पाणी धरण्याची शक्ती सतरा ग्रॅमांवर जाते, पाणी मात्र तेच सहा. शेकडा ३५! असल्या हवेत चिरूट आठवड्याभरात कुडकुडीत होतो, वरचे पान तडकते, आणि ज्या तेलांमुळे त्यास गंध असतो ती उडून जातात. तेथील माणसाने पेटी करून तीत ओला स्पंज ठेवला, तो अगदी शहाणा. ७० हा त्याने ठरविलेला मुक्काम. त्याच्या जोडीला उष्णमानही फॅरनहाइटचे ७० अंशच, म्हणजे सुमारे २१ सेल्सिअस. दोन सत्तरांची ही जोडी लक्षात ठेवावयास सोपी, म्हणून ती पोथीत गेली.

आता मुंबईचा श्रावण घ्या. खोलीत २८ अंश, हवा शेकडा ८५ च्या आसपास. घनमीटरामागे सुमारे २३ ग्रॅम पाणी. येथे स्पंज कोणासाठी ठेवावयाचा? लंडनच्या गृहस्थाला बाहेरची हवा कोरडी म्हणून आत पाणी घालावे लागते. मुंबईच्या गृहस्थाला बाहेरची हवा ओली म्हणून ती आत येऊ नये एवढेच पाहावयाचे असते. दोघांचे रोग उलट आहेत आणि औषध एकच दिले जात आहे. अशा वेळी औषधाचे प्रमाण चुकले की बरोबर आहे यावर वाद घालण्यात काय अर्थ?

यावर एक हुशार उत्तर आम्हांस देण्यात येते. चिरुटाची जन्मभूमी क्यूबा. तेथील हवा दमट. म्हणून चिरुटास दमटपणा मानवतो. हे खरे असेल तर आम्ही म्हणतो, मग पेटी तरी कशाला? हवाना कर्कवृत्ताच्या अगदी लगत दक्षिणेस, समुद्रकाठी आहे. तेथील हवेची आर्द्रता सरासरीने शेकडा ७० हून अधिकच असते आणि पहाटे ती फार वर जाते. जन्मभूमीची हवा हेच प्रमाण धरले तर मुंबईकराने चिरूट खिडकीत उघडे मांडून ठेवावेत. वस्तुतः क्यूबातही तयार माल उघड्या हवेत ठेवीत नाहीत. पान शेतात वाढते, ओलीने आंबविले जाते, पण ठेवणीचा माल म्हणजे शेतातले पान नव्हे. आंब्यास पाऊस मानवतो म्हणून आमरसाचा डबा कोणी अंगणात ठेवीत नाही.

दुसरे उत्तर पदार्थविज्ञान शिकलेल्या एका मित्राचे. त्यांनी वर दिलेल्याच प्रकारचे ग्रॅमांचे आकडे मांडून असे सिद्ध केले की, उन्हाळ्यात शेकडा ७० म्हणजे थंडीतल्या शेकडा ७० हून पाणी कितीतरी अधिक, म्हणून ऊन दिवसांत चिरूट तेवढ्या पटीने भिजतो. आकडे बरोबर, निष्कर्ष चूक. तंबाखूचे पान पाणी शोषते ते हवेतील ग्रॅम मोजून नव्हे, तर हवा किती भरलेली आहे ते पाहून; म्हणजे पान शेकड्याचाच हिशोब जाणते. शेकडा तोच राहून उष्णमान वाढले तर पान थोडे कमीच पाणी धरते. ऊन हवेचा खरा धोका निराळा आहे, तो पुढे येईल.

आणि हवेच्या हिशोबाचा एवढा बाऊ करणाऱ्यांनी पेटीत हवा असते तरी किती याचा विचार केला आहे काय? दहा लिटरांच्या पेटीत, अगदी मुंबईच्या ओल्या हवेने भरली तरी, वाफेच्या रूपाने पाणी असते पाव ग्रॅमाहून कमी. एक चिरूट सुमारे दहा ग्रॅमांचा. त्याच्या वजनाचा शेकडा १२ ते १४ एवढा भाग पाणीच. पंचवीस चिरूट म्हणजे तीस ग्रॅमांच्या घरात पाणी, हवेतल्या पाण्याच्या शंभर पटींहून अधिक. तेव्हा घट्ट झाकणाच्या भरलेल्या पेटीत हवा पानाला ओलावा देत नाही; पानच हवेला आपल्यासारखी करून घेते. झाकण उघडल्यावर काटा पाच घरे हलला म्हणून घाबरून पाणी घालणाऱ्यास हे कळते तर त्याने झाकण लावून तासभर वाट पाहिली असती. चिरूट भरपूर आणि झाकण घट्ट, एवढे साधले तर पेटी स्वतःचे स्वतः सांभाळते. पण देखण्या लाकडी पेटीचे झाकण घट्ट बसते, असे आम्ही अद्याप पाहिलेले नाही. आमच्या पेटीच्या झाकणात कागदाची पट्टी धरून ती मिटली तर पट्टी सहज ओढून काढता येत असे. त्या फटीतून चार महिने कोकणकिनाऱ्याचा पावसाळा आत येत होता, आणि आतून स्पंज त्याला साथ देत होता.

मग काटा सत्तरावर कसा राहिला? येथे आमच्या कथेतील सर्वांत लाजिरवाणा भाग येतो. काटा खोटे बोलत होता. आर्द्रतामापकाची परीक्षा घरात करणे अगदी सोपे आहे, आणि ती आम्ही शाळकरी मुलांकडून करून घेतली. बाटलीचे झाकण भरून साधे मीठ घ्यावे, त्यात पाण्याचे इतकेच थेंब घालावेत की मीठ ओल्या वाळूसारखे व्हावे, विरघळून जाऊ नये. ते झाकण व मापक दोन्ही एका घट्ट बरणीत बंद करून एक दिवस तशीच ठेवावीत. अशा ओल्या मिठावरील हवा घरच्या उष्णमानात शेकडा ७५ वर येऊन स्थिर होते. हा निसर्गाचाच नियम असल्याने त्यात दुकानदाराला ढवळाढवळ करता येत नाही. आमच्या पितळी मापकाने दाखविले ६६. म्हणजे श्रावणात जेव्हा तो ७० दाखवीत होता तेव्हा आत ७९ च्या सुमारास होते, आणि स्पंजाखाली त्याहूनही अधिक असणार. सोस्यूरने १७८३ साली माणसाच्या केसाचा आर्द्रतामापक केला. आज सव्वादोनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी केवळ शोभेसाठी पेटीच्या झाकणात बसविलेले हे पितळी खेळणे त्या केसाइतकेही विश्वासू नाही. जो आकडा सोवळ्यासारखा पाळावयाचा तो मोजणारे साधन मात्र कोणी तपासावयाचे नाही, ही आमच्या सुशिक्षितपणाची तऱ्हा!

पांढरी लव पाहून आम्ही पेटी घेऊन दुकानी गेलो, तेव्हा आम्हांस सांगण्यात आले की, ही बुरशी नव्हे. उत्तम चिरूट पिकला म्हणजे त्याच्या तेलांचे पांढरे स्फटिक वर येतात. ते भाग्याचे लक्षण होय. आम्ही घरी येऊन मुलाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ती लव धरली. धागे, फांद्या, आणि धाग्यांच्या टोकांशी बीजाणू. लोणच्यावर असतात तसेच. स्फटिकास बीजाणू धरत नाहीत. शेकडा ७५ ते ८० च्या वर हवा काही दिवस राहिली की बुरशी धरावयाचीच. पापडावर धरते, जोड्यांवर धरते, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर धरते, मग क्यूबाच्या पानावर का धरू नये? ग्राहकाच्या नुकसानीस त्याचे भाग्य म्हणून नाव देणारा व्यापार आम्ही दुसरा पाहिला नाही.

भोकांची गोष्ट निराळी. ती करणारा भुंगेरा दोन-तीन मिलिमीटर लांबीचा, तांबूस तपकिरी. हा काही क्यूबाचाच पाहुणा नव्हे. गृहिणीच्या हळदीत, मिरच्यांत, सुंठीत होतो तोच हा. त्याची अंडी पानात असतात आणि अळी आतून पान खात बाहेर पडते. सुमारे १८ अंशांखाली त्याची वाढ खुंटते; ३० च्या आसपास ती जोरात होते. ऊन हवेचा खरा धोका म्हणतो तो हा. मुंबईच्या घरात थंडीतल्या काही रात्री सोडल्या तर त्यास वर्षभर सुगीच. सुगंधी लाकडाच्या वासाने तो पळतो असे पोथी सांगते. ज्यास ती 'स्पॅनिश सीडर' म्हणते ते झाड मुळी देवदारही नव्हे. ते आपल्या कडुनिंबाच्या व तुणीच्या कुळातले आहे, आणि त्याच्या वासावर विसंबलेली आमची पेटी भुंगेऱ्याने पाहून घेतली. उपाय एकच, थंडी. चिरूट पिशवीत हवाबंद करून एक दिवस शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात, मग तीन-चार दिवस बर्फाच्या कप्प्यात उणे १८ किंवा त्याहून कमी अंशांवर, मग पुन्हा एक दिवस खाली, आणि त्यानंतर बाहेर. पिशवी मध्येच उघडली तर थंड पानावर दव धरते. मात्र ही थंडी उपचारापुरतीच. कायमचे तेथे ठेवू म्हणाल तर आजकालच्या शीतकपाटातील कोरडी हवा चिरुटाचे लाकूड करील, आणि शेजारच्या बोंबिलाचा वास त्यास लागेल तो वेगळा.

आता कोणी म्हणेल, तुम्ही नवा आकडा द्या. देतो, पण सोवळे म्हणून नव्हे. आज पुष्कळ जाणते लोक ६५ वर किंवा त्याच्याही थोडे खाली चिरूट ठेवतात, आणि तो अधिक नीट जळतो, मध्येच विझत नाही, ओढण्यास जड जात नाही, असे त्यांचे म्हणणे आहे; आमचाही अनुभव तोच. परंतु हॉलंडकडे पाहा. समुद्रकाठचा, पावसाळी देश. तेथील जुन्या पद्धतीचा चिरूट कोरडाच ठेवतात, कोरडाच ओढतात, त्यास पेटी व स्पंज ठाऊक नाही. आपल्याकडील त्रिचनापल्लीचा चिरूट (हा शब्दच मुळी तामिळ 'सुरुट्टु'चा) एकेकाळी इतका प्रसिद्ध होता की १८८७ च्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत त्याच्या राखेवरून गुन्हेगाराचा माग लागतो. तोही कधी अक्रोडाच्या पेटीत झोपला नाही. पान कोणते, बांधणी कोणती, घर कोठे, यांवर आकडा ठरावयाचा. पेटीवर भक्ती ठरावयाची असेल तर तिला अंत नाही. अध्यक्ष केनेडी यांस भेट मिळालेली चिरुटांची पेटी १९९६ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ५,७४,५०० डॉलरांस गेली. तिच्यात दमटपणा किती राहतो याची चौकशी बोली लावणाऱ्यांनी केली असेल असे वाटत नाही.

घर कोठे, हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात तर अगदी कळीचा आहे. मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात पेटीत पाण्याचा थेंब नको. पण पुण्यात चैत्र-वैशाखातील दुपारी हवा शेकडा २५ च्याही खाली जाते, नागपुरास तशीच स्थिती; तेथे त्या दिवसांत स्पंज ओला करणारा लंडनच्या गृहस्थाइतकाच शहाणा ठरेल. त्याच पुण्यात श्रावण लागला की तोच स्पंज काढून टाकावा लागेल. जो मनुष्य बारा महिने एकच कृती करतो त्याचे चिरूट बारापैकी काही महिने नासणारच. आणि हे आमच्या घरांस नवे आहे काय? लोकर केव्हा उन्हात घालावी, डाळीचा डबा केव्हा उघडू नये, हे ज्या घरास ऋतूप्रमाणे ठाऊक असते त्याच घराने चिरुटाच्या बाबतीत मात्र पत्रकातील वाक्य शिरोधार्य धरावे, याचे आम्हांस नवल वाटते. ते वाक्य इंग्रजीत होते एवढेच त्याचे सामर्थ्य.

आम्ही पुढे काय केले ते सांगतो. उरलेले अकरा चिरूट थंडीचा उपचार करून, रबरी कडीच्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत घातले. पाण्याऐवजी शेकडा ६२ वर बांधलेले दुतर्फा पाकीट ठेवले. यात क्षाराचे दाट द्रावण असते, आणि ते हवा कोरडी झाली तर ओल देते व ओली झाली तर ओढून घेते. स्पंज फक्त देणे जाणतो, घेणे जाणत नाही. त्याचा सगळा दोष यातच आला. बरणी पुस्तकांच्या कपाटाच्या तळच्या अंधाऱ्या कप्प्यात राहिली. मिठावर तपासलेला एक साधा विजेरी मापक आत आहे. ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत ती कोणी उघडावयाची नाही, असा मामींचा हुकूम झाला, आणि तो पापडाच्या डब्याला लागू असलेलाच हुकूम होता.

अक्रोडाची पेटी आता मुलांच्या रंगीत खडूंची आहे. मामांच्या चार मित्रांपैकी तिघे उरले. अकरा चिरूट, दरवर्षी तीन. त्यातले दोन पौष पार पडले आहेत. गेल्या पौषात त्यांच्यापैकी सर्वांत वडील गृहस्थांनी चिरूट कानाशी धरून दोन बोटांत हलकेच दाबला, तो दबला आणि सोडताच पूर्ववत झाला. त्यांनी काही न बोलता तो मामींपुढे धरला. मामींनीही दाबून पाहिला, आणि बरणीचे झाकण आधी लावा म्हणून आम्हांस बजावले.